गोगलगाय निघाली दौऱ्यावर

मुलांनो, पावसाळ्यात शाळेच्या कुंपणावरून सरपटणारी गोगलगाय तुम्ही पाहिली आहे ना? तिचं किती बरं असतं बघा! गावाला जायचं तर शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायला नको, की तिकडे उतरायचं कुणाकडे याची चिंता नको. घर पाठीवरच. चालून कंटाळली की थांबली, आणि थांबली तेच तिचं गाव!

२०१९ च्या मे महिन्यात मी अशाच एका गोगलगाईच्या पोटात बसून युरोपात हिंडून आले. दचकू नका. ही गोगलगाय चार चाकांची होती. तिकडे तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. माझी ताई आणि भावोजी इंग्लंडमध्ये लेस्टर गावी राहतात. तिथल्या मुलांना मेच्या शेवटच्या आठवड्यात शाळेला सुट्टी असते, आणि आपली तर काय, उन्हाळ्याची चालूच असते. तेव्हा भाड्याने एक गाडी घेऊन नऊ दिवस हिंडायचं, असं भावोजींनी ठरवलं. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. विमानाचं तिकीट म्हणजे माझी तीन वर्षांची भिशी! पण ते पैसे कुठे गेले याचं मला आजही वाईट वाटत नाही.

नऊ दिवसांत पाच देश पाहिले. ते सगळं सांगत बसले तर संपादक मला हाकलतील. म्हणून आज फक्त पहिला दिवस.

पण त्याआधी एक कागद. परीक्षा संपली त्या दिवशी माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा आजीला घेऊन शाळेत आला. आमची शाळा पुण्याजवळ, खडकीच्या लष्करी छावणीपासून फार लांब नाही. आजींनी पदराच्या गाठीतून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर पेनने एक नाव लिहिलं होतं. आजींच्या सासऱ्यांचे वडील. ते खडकीच्या सॅपर पलटणीत होते. सॅपर म्हणजे फौजेसाठी पूल बांधणारे, खंदक खणणारे, सुरुंग लावणारे शिपाई. पहिल्या महायुद्धात ते "फ्रान्सच्या लढाईला" गेले आणि परत आलेच नाहीत. आजींच्या देवघरात काशाची एक मोठी गोल चकती आहे, साधारण बशीएवढी. युद्धात मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी इंग्रज सरकारने तशी चकती पाठवली होती. त्यावर नुसतं नाव असतं. पलटण नाही, हुद्दा नाही, कुठे मेला तेही नाही.

"बाई, तिकडं नावं कोरलीत म्हणे. बघाल का?" आजी म्हणाल्या. आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "आन् तितं कुनी दिवा लावतंय का, तेवढंबी बघून या."

तो कागद मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवला.

आता आमच्या गोगलगाईकडे या. ही फोक्सवॅगन कंपनीची गाडी. हिचा जन्म एका चित्रातून झाला, बरं का! बेन पॉन नावाचे हॉलंडमधले एक मोटारविक्रेते होते. २३ एप्रिल १९४७ रोजी त्यांनी आपल्या वहीत एका गाडीचं चित्र काढलं. चित्र कसलं, पावाच्या लादीला चाकं लावावीत तसा प्रकार! तुमच्यापैकी कुणीही काढलं असतं. पण १९५० मध्ये जर्मनीतल्या कारखान्यात तशा गाड्या खरोखरच तयार होऊ लागल्या, आणि दुसऱ्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात पलंग आणि कपाटं बसवून फिरतं घर करून टाकलं. तेव्हा वर्गात वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणाऱ्यांना मी आता जरा जपूनच रागावते.

आमच्या गाडीत काय नव्हतं! दोन शेगड्यांचा गॅस, हातरुमालाएवढं बेसिन, छोटा फ्रीज. पुढच्या दोन्ही खुर्च्या गर्रकन मागे फिरवल्या की दिवाणखाना तयार. मागचं बाकडं ओढलं की पलंग. छप्पर वर ढकललं की कापडी भिंतींचा माळा उभा राहायचा, आणि माळ्यावर दोघांची झोपायची सोय. तो माळा पाहताक्षणीच भाचा आणि भाची यांनी बळकावला. खालचा पलंग ताईला आणि मला. राहिले भावोजी. त्यांच्यासाठी बाहेर उभारायचा एक छोटा तंबू घेतला होता. "मोकळ्या हवेत झोपण्यासारखं सुख नाही," असं ते निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगत होते. हे वाक्य लक्षात ठेवा.

मला सगळ्यांत नवल वाटलं ते गाडीतल्या दोन बॅटऱ्यांचं. एक इंजिनासाठी, दुसरी घरासाठी. का, सांगा बरं? रात्री पत्ते खेळताना दिवा जळत राहिला आणि बॅटरी उतरली, तर सकाळी गाडी सुरूच होणार नाही! म्हणून दोघींचे संसार वेगळे. आणि पाणी? टाकी पन्नास लिटरची. नळ सोडून दात घासणाऱ्या भाचीला पहिल्याच सकाळी समजलं की, पन्नास लिटर म्हणजे फार तर तीन-चार हंडे. दुष्काळी भागातल्या माझ्या वाचकांना हे शिकवायची गरज नाही. त्यांनीच तिला शिकवावं!

आम्ही पहाटे पाचला निघालो. पहिल्याच वळणावर धाडकन आवाज झाला. ताईने कपाटाला खिटी लावली नव्हती, आणि पोह्यांचा डबा उघडून सगळ्या गाडीत पोहेच पोहे! घर चालायला लागलं की घरातल्या वस्तूही चालतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते पोहे आम्ही नऊ दिवस वेचत होतो. शेवटचा पोहा गाडी परत करताना माझ्या बुटात निघाला.

साडेनऊच्या सुमाराला फोकस्टन आलं. इथून पुढे समुद्र. पण आम्हाला बोटीत बसायचं नव्हतं. समुद्राच्या खालून जायचं होतं.

कोकण रेल्वेने रत्नागिरीला गेलात तर करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरचा. खिडकीत बसलेली मुलं आधी ओरडतात, मग ओरडून दमतात, तरी तो संपत नाही. इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणारा बोगदा साडेपन्नास किलोमीटरचा आहे! त्यातला अडतीस किलोमीटरचा भाग समुद्राच्या तळाखाली. एका बाजूने इंग्रज खणत आले, दुसऱ्या बाजूने फ्रेंच, आणि १ डिसेंबर १९९० रोजी तळाखाली एकमेकांना भेटले. ६ मे १९९४ ला इंग्लंडची राणी आणि फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी त्याचं उद्घाटन केलं. या बोगद्यात मोटारीने जाता येत नाही. मोटारीसकट आगगाडीत चढायचं! कोकण रेल्वेवर मालट्रक वाहून नेणारी 'रो-रो' गाडी असते ना, तसंच. फक्त इथे डबे बंद असतात.

डब्यात चढण्यापूर्वी एका माणसाने आमच्या गॅसच्या टाकीचा कॉक बंद आहे का ते तपासलं. त्याच्याही आधी पासपोर्टची तपासणी झाली होती. आणि इथे गंमत ऐका. तपासणाऱ्या खिडक्या दोन. एका खिडकीत इंग्रज अधिकारी, दुसऱ्या खिडकीत फ्रेंच. म्हणजे फ्रान्समध्ये शिरायचा शिक्का मला मिळाला तो इंग्लंडच्या जमिनीवरच!

भाच्याचं तोंड मात्र एवढंसं झालं. तो आठवीत. या सफरीसाठी त्याने एक वही केली होती, 'सीमांची वही'. पाच देश म्हणजे पुष्कळ सीमा, प्रत्येक सीमेचं चित्र काढायचं, शिपाई, तारेचं कुंपण, वर-खाली होणारा दांडा, सगळं. पासपोर्टवरच्या शिक्क्यांसाठी वेगळं पान. पण त्याचा पासपोर्ट ब्रिटिश, आणि तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात असल्यामुळे त्याला शिक्का लागतच नव्हता. सगळ्या गाडीत शिक्का मिळाला तो फक्त मावशीला.

"असू दे रे," मी म्हटलं. "पलीकडे निघालो की खरी सीमा दिसेल."

पस्तीस मिनिटं. ना लाट, ना मासा. छोट्या खिडकीबाहेर काळोख. भाचीने विचारलं, "मावशी, आता आपल्या डोक्यावर बोट असेल?" असेलही. आणि मग एकदम ऊन! डब्याचं पुढचं दार उघडलं, एकामागून एक मोटारी बाहेर पडल्या आणि थेट रस्त्याला लागल्या. ना शिपाई, ना दांडा. घड्याळं तेवढी एक तास पुढे करायची होती. भाच्याने वही उघडली आणि पुन्हा मिटली.

आता खरी कसोटी भावोजींची. इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालतात. फ्रान्समध्ये उजवीकडून. चौकातल्या वर्तुळालाही उलटा फेरा! पंधरा वर्षं इंग्लंडात गाडी चालवलेल्या भावोजींच्या कपाळावर घाम आला. मग मुलांनी युक्ती काढली. दर वळणाला दोघं मागून एका सुरात ओरडायची, "उजवीकडे! उजवीकडे!" गाडीच्या दिव्यांवर आम्ही आधीच खास चिकटपट्ट्या लावल्या होत्या. इंग्लंडच्या गाड्यांचे दिवे किंचित डावीकडे झोत टाकतात. तोच झोत इथे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून.

मी पुढे डाव्या खुर्चीवर बसले होते. स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे टोलनाका आला तेव्हा खिडकी आली माझ्या बाजूला! भावोजी चालक, पण पैसे भरणार मी. फ्रेंचचं एक अक्षर येत नाही. यंत्राने काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हो." मागून भोंगे वाजायला लागले. शेवटी भाचीने माझ्या मांडीवरून वाकून बटण दाबलं आणि दांडा वर गेला. वर्गात मुलं उत्तर येत नसताना "हो बाई" का म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं.

ठरवलेला रस्ता सरळ बेल्जियमचा होता. पण मी ताईला कागद दाखवला होता. भावोजी म्हणाले, "मग आधी तिकडेच जाऊ. घर बरोबर आहे, उशीर कसला होतोय?"

नव्ह-शापेल हे उत्तर फ्रान्समधलं लहानसं खेडं. सगळीकडे सपाट शेतं, मध्येच विटांची घरं. शेतांच्या बांधांवर लाल रंगाची नाजूक फुलं डोलत होती. तिकडे त्यांना पॉपी म्हणतात. आपण अनारशांना जी खसखस लावतो ना, तिच्याच नात्यातली ही रानफुलं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उकरलेल्या जमिनीत ती उगवली, आणि पुढे तिकडच्या लोकांनी युद्धात गेलेल्यांची आठवण म्हणून त्यांनाच मानलं.

गावाबाहेर एका चौफुल्यावर आम्ही गाडी उभी केली, आणि समोर पाहून मी गप्पच झाले. फ्रान्सच्या शेतात अशोकस्तंभासारखा एक स्तंभ! जवळजवळ पंधरा मीटर उंच. वर दगडी कमळ, त्यावर इंग्रजांचा मुकुट. पायथ्याशी दोन वाघ. मागे गोल भिंत. तिचा काही भाग आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या जाळीसारखा कोरलेला. हर्बर्ट बेकर या इंग्रज वास्तुशिल्पकाराने हे स्मारक बांधलं, आणि १९२७ मध्ये ते खुलं झालं. फ्रान्स आणि बेल्जियमच्या रणांगणावर मेलेल्या, पण ज्यांची राख किंवा कबर कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथे आहेत.

भाची पळत स्तंभाजवळ गेली आणि ओरडली, "मावशी, इथे मराठी लिहिलंय!"

मराठी नव्हतं, पण अक्षरं देवनागरीच होती. शिवाय अरबी, गुरुमुखी आणि इंग्रजी. ही पोरगी लेस्टरला दर शनिवारी कुरकुरत मराठी वाचायला शिकते. "मला इथे त्याचा काय उपयोग?" हा तिचा नेहमीचा प्रश्न. तिने बोट फिरवत एक-एक अक्षर वाचलं. मी काही बोलले नाही.

इथे काय घडलं होतं ते थोडक्यात सांगते. युद्ध १९१४ च्या जुलैअखेरीस सुरू झालं आणि सप्टेंबरच्या अखेरीस भारतीय फौज फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरली. महिन्याभरातच ती खंदकांत होती. नव्ह-शापेल तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. २८ ऑक्टोबरला ते परत घ्यायचा हुकूम सुटला. हल्ल्यात ४७ वी शीख पलटण होती आणि सॅपर्सच्या दोन कंपन्या, विसावी आणि एकविसावी. या दोन्ही कंपन्या आपल्या खडकीच्या! त्यांच्यात मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. ज्यांचं काम पूल बांधायचं, त्यांना संगिनी लावून गावात घुसायला सांगितलं. ते घुसलेही. घराघरांतून हातघाईची लढाई झाली. पण त्यांनी घेतलेलं गाव राखायला मागून पुरेशी माणसं आली नाहीत. माघार घ्यावी लागली, आणि परतताना पुष्कळ जण पडले. पुढे १९१५ च्या मार्चमध्ये मोठी लढाई होऊन गाव हाती आलं. ते कायमचं राहिलं नाही, ती गोष्ट निराळी.

भिंतीवर नावं पलटणवार आहेत. 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स' हे शब्द ताईला सापडले. मी कागद काढला. आणि खरी अडचण तिथे सुरू झाली.

दाखल्यावर आपल्या नावाचं स्पेलिंग कसं चुकतं, हा अनुभव तुमच्यापैकी कित्येकांना असेल. एकाच आडनावाची चार स्पेलिंगं माझ्या हजेरीपटातच आहेत. मग शंभर वर्षांपूर्वी, एका इंग्रज कारकुनाने, कानाला ऐकू येईल तसं लिहिलेलं मराठी नाव कसं शोधायचं? त्यात बहुतेक ठिकाणी नुसतं एकेरी नाव. वडिलांचं नाही, आडनाव नाही, गाव तर नाहीच. आम्ही पाचही जणांनी भिंत वाटून घेतली. भाच्याने सीमांच्या वहीच्या मागच्या पानावर संभाव्य स्पेलिंगं लिहून काढली, अकरा झाली. ऊन चढलं. चौफुल्यावरून ट्रक धाडधाड जात होते. ताईने गाडीत पिठलं-भात टाकला आणि तो निवून गेला, तरी कुणी जेवायला आलं नाही.

एक नाव सापडलं. पण अर्धं. पहिलं नाव कागदावरच्या नावाशी जुळत होतं, हुद्दा सॅपर होता. पुढे काहीच नाही. आणि ते पहिलं नाव तरी कसं? दर गावात दहा माणसं सापडावीत असं. तेच असतील का? असतील. नसतीलही.

मी त्या नावाचा फोटो काढला. मुलांनो, खरं सांगू? त्या वेळी मनात आलं की आजींना सांगून टाकावं, सापडले. किती आनंद झाला असता त्यांना! भाचा माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "मावशी, पण नक्की नाही ना?" नव्हतंच नक्की. या दोन कंपन्यांची फौज पुढे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. ते तिथेही गेले असतील. आणि तिथे नाव मिळणं आणखी कठीण. नंतर मी वाचलं की, बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांचीच नावं कोरलेली आहेत. साध्या भारतीय शिपायांची नावं नाहीत, फक्त पलटणीचं नाव आणि किती मेले तो आकडा! गोऱ्या शिपायांची मात्र आहेत. ही स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, हा भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली. वर्गात हजेरी घेताना नाव वगळून "मागच्या बाकावरचे सात" असं मी म्हटलं तर तुम्हाला कसं वाटेल?

दिवा मला कुठेही दिसला नाही. हिरवळ कापलेली होती, फुलझाडांना पाणी घातलेलं होतं. कुणीतरी रोज येत असावं. आमच्या गाडीत मेणबत्तीही नव्हती. भाचीने बांधावरची दोन लाल फुलं त्या नावाखाली ठेवली. वाऱ्याने ती लगेच उडाली, मग तिने त्यांच्यावर खडा ठेवला.

चार वाजता आम्ही बेल्जियमच्या दिशेने निघालो. भाचा आता खिडकीला नाक लावून बसला होता. बोगद्याने फसवलं, पण फ्रान्स आणि बेल्जियमची सीमा तर जमिनीवरची! लहान रस्ता, दोन्ही बाजूंना बटाट्याची शेतं. एका शेतात ट्रॅक्टर चालला होता. दहा मिनिटांनी ताईच्या फोनवर संदेश वाजला, बेल्जियममध्ये तुमचं स्वागत असो.

"थांबा! सीमा कुठे गेली?" भाचा ओरडला.

ती मागे पडली होती! भावोजींनी गाडी वळवली. पुन्हा उजवीकडे, उजवीकडे! हळूहळू मागे गेलो. कोल्हापूरहून बेळगावला जाताना पाट्यांवरची अक्षरं मराठीची कानडी होतात, तेव्हा कळतं की राज्य बदललं. तसंच इथे. मागे फ्रान्समधल्या पाटीवर आमच्या मुक्कामाच्या गावाचं नाव 'ईप्र' असं फ्रेंचमध्ये होतं. पुढच्या पाटीवर तेच गाव 'ईपर' झालं होतं, डच भाषेत. मोटारींच्या नंबरपाट्यांवरचे आकडे काळ्याचे लाल झाले होते. रस्त्याच्या डांबराचा रंग एका ठिकाणी किंचित बदलला होता. बस्स! भाची एक पाय या डांबरावर आणि एक पाय त्या डांबरावर ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मी दोन देशांत आहे." मागून एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून आले. हँडलला पावांची पिशवी. त्यांनी आमच्याकडे पाहून मान हलवली आणि परदेशात निघून गेले.

हे असं कसं झालं? लक्झेम्बुर्ग देशात मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचं गाव आहे. तिथे फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेम्बुर्ग एकमेकांना भिडतात. १४ जून १९८५ रोजी त्या गावाजवळ नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला की, आपापसातल्या सीमांवरची तपासणी बंद करायची. २६ मार्च १९९५ पासून ती प्रत्यक्षात बंद झाली. आता या करारात २९ देश आहेत. मात्र कायमचं काही गृहीत धरू नका हं. अडचणीच्या काळात देश तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू करू शकतात. आमच्या सफरीनंतर वर्षभराच्या आतच, २०२० मध्ये, करोनामुळे अशा कितीतरी रस्त्यांवर पुन्हा अडथळे उभे राहिले होते.

भाच्याने वहीत काय काढलं माहीत आहे? एक पान घेतलं, त्यावर आडवी पेन्सिलची रेघ मारली आणि खोडरबराने पुसली. पुसलेली रेघ अंधुक दिसत होती. तेच चित्र.

ईपरला गावाबाहेरच्या तळावर आमची गोगलगाय थांबली. कुणाच्या फिरत्या घरापुढे कुंड्या, कुणाच्या दारात कुत्रं, एकाने तर दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. जणू चाकांवरची चाळच! जमीन उतरती होती, तेव्हा एका बाजूच्या चाकांखाली पाचरी घालून गाडी सपाट केली, नाहीतर रात्रभर सगळे घरंगळत एका कोपऱ्यात! विजेच्या खांबाला निळी वायर जोडली. भाजणी मळून थालीपिठं लावली. वासाने शेजारच्या गाडीतल्या आजीबाई डोकावल्या. एक थालीपीठ त्यांना दिलं. थोड्या वेळाने त्याच बशीतून चॉकलेटं आली. रिकामी बशी परत करू नये, हे तिकडेही आहे म्हणायचं.

मग ताई म्हणाली, "आठच्या आत मेनिन दरवाजाशी पोचायला हवं."

मेनिन दरवाजा म्हणजे गावाच्या वेशीवरची प्रचंड कमान. तिच्या भिंतींवरही नावंच नावं. याच परिसरात लढताना नाहीसे झालेल्या ५४ हजारांहून अधिक सैनिकांची. त्यांत भारतीयही आहेत. तिथेही मी खडकीच्या सॅपर्सना शोधू लागले. पण तेवढ्यात पोलिसांनी कमानीखालची वाहतूक थांबवली. शेकडो माणसं जमली होती, पण आवाज नाही. बरोबर आठ वाजता बिगुल वाजले. वाजवणारे सैनिक नव्हते. गावच्या अग्निशमन दलातली माणसं होती. ही प्रथा १९२८ मध्ये सुरू झाली. रोज संध्याकाळी आठला ते इथे बिगूल वाजवतात. ऊन असो, बर्फ असो, कुणी ऐकायला असो वा नसो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव घेतलं तेव्हा चार वर्षं खंड पडला. सप्टेंबर १९४४ मध्ये गाव सुटलं, त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू.

आठ वाजता. आपल्याकडे दिवेलागण होऊन गेलेली असते, पण तिकडे मेच्या अखेरीला आठ वाजता लख्ख ऊन असतं. अंधार पडायला दहा वाजतात. मी पाकीट उघडून तो कागद हातात धरला.

परत आलो तर मुलं माळ्यावर चढायच्या आधीच पेंगत होती. मी दिव्याखाली बसून आजींना पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य चार वेळा खोडलं. पाचव्यांदा लिहिलं: "आजी, एक नाव सापडलं आहे, ते तुमचंच आहे असं मी सांगू शकत नाही. फोटो आणते आहे. दिव्याचं विचारलंत, तर ऐका..." आणि पुढे बिगुलाचं सगळं लिहिलं. पत्र दोन पानं झालं.

अकराच्या सुमाराला छपराच्या कापडावर टपटप सुरू झाली. मग टपटपीची सर झाली. आणि मग दारावर टकटक.

दारात भावोजी उभे. डोक्यावर टॉवेल, काखेत उशी. मोकळ्या हवेतलं सुख दोन्ही पायांवरून ओघळत होतं. आम्ही पुढची खुर्ची मागे फिरवून दिली. ते तिच्यात मुटकुळं करून झोपले. पाय पुरेनात, तेव्हा त्यांनी ते पोह्यांच्या डब्यावर ठेवले. डब्याचं झाकण पुन्हा उघडंच होतं.